शक्तीच्या गोळ्या

ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही. ती गेली, तिच्याही कानावर घातली नाही. पुतणींना नाही, आणि त्यांना तर पहिल्यांदा सांगायला हवी होती. सांगायची वेळ पुष्कळदा आली, शब्द ओठांपर्यंत आले, आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो. कापसाचं, शाळेचं, नदीला किती पाणी आहे त्याचं. तसं बोलणं मला जमतं. जन्मभर मास्तरकी केली आहे.

तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बसलो आहे केव्हाचा, आणि अजून इथेच घुटमळतो आहे. काय सांगू आधी? मी काय केलं ते? की ज्यांचं केलं ती माणसं कशी होती ते?

माणसं सांगतो. त्यांच्याबद्दल बोलताना निदान आवाज फुटतो.

आमचं गाव तापीच्या काठावर, शहाद्याच्या बाजूला. तेव्हा तो पश्चिम खानदेश होता. माझा थोरला भाऊ मोतीराम, मी त्याला दादा म्हणायचो. वडील वारले तेव्हा मी अंगणात खेळणारं पोर होतो आणि दादाला नुकती मिसरूड फुटत होती. त्यानं नांगर धरला. स्वतः अंगठाछाप राहिला आणि मला शहाद्याला शाळेत घातलं, पुढे धुळ्याला पाठवलं. मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, तेव्हा त्यानं गावात घरोघर गूळ वाटला. मला तो लहानपणापासून ‘नाना’ म्हणे. मास्तर झाल्यावरही लोकांदेखत नानाच.

दादाचं अंग गावाला माहीत होतं. हे मुद्दाम सांगतो. पुराच्या पाण्यात तापी पोहून जाणारा तो एकटा. गाळात रुतलेला बैल शिंगांना धरून बाहेर काढणारा तो. सकाळी नदीवर लंगोट लावून उभा राहिला की पोरं त्याच्याकडे बघत राहायची. मी किडकिडीत. काठावर बसून त्याचे कपडे सांभाळायचो. मला त्याचा अभिमान होता — हो, होता. पण अभिमानाच्या तळाशी आणखी काय होतं, ते पुढे सांगतो. सांगावंच लागेल.

आणि जमनाभाबी, दादाची बायको. माहेर म्हसावदचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. दिवसभर दोघं आपापल्या कामात असायची. पण दिवेलागणीच्या आधी ओट्यावर बसली की दोघांचं हळू आवाजात बोलणं सुरू व्हायचं, ते संपायचंच नाही. काय बोलत असतील? दोन्ही लेकी लग्न होऊन गेल्या, केस पिकायला लागले, तरी बोलणं सरलं नाही. मध्येच भाबी तोंडाला पदर लावून हसायची. इतकी वर्षं संसार करून नवरा-बायको एकमेकांशी बोलतात, हे मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नव्हतं. माझ्या घरातही नाही.

पुढे मी जे मोडलं, ते हे होतं.

दादाला पन्नाशी उलटल्यावर लघवीचा त्रास सुरू झाला. आधी थेंबथेंब, मग अडायलाच लागली. पाठही दुखायची, चालताना काठी लागायची. बांधाशी जाऊन उभा राहायचा तो किती वेळ उभाच. लाजेपायी त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण भाबीला कळलं. तिला कळणारच. म्हसावदच्या बाजाराला डोंगरातून एक पावरा आदिवासी म्हातारा जडीबुटी घेऊन यायचा. भल्याभल्यांना त्याचा गुण आला होता. भाबी माहेरी गेली, त्याच्याकडून जडी आणली, उगाळून दुधातून दादाला द्यायला लागली. थोडा उतार पडल्यासारखा वाटला, पण टिकला नाही. त्या जडीनं काही वाईट झालं नाही. बरंही झालं नाही, वाईटही झालं नाही. हे मी इथेच स्वच्छ सांगून ठेवतो, कारण जिथे सांगायला हवं होतं तिथे सांगितलं नाही.

एका सकाळी लघवी पार बंद झाली. पोट नगाऱ्यासारखं झालं. दादासारखा माणूस जनावरासारखा ओरडत होता. गाडीत घातला, प्रकाशाला नावेतून तापी ओलांडली, नंदुरबारला डॉक्टरकडे नेला. त्यांनी नळी घालून मोकळं केलं, बोट घालून तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, मास्तर, हे इथलं काम नाही, मुंबईला न्या.

सुरतेवरून मुंबईला गेलो. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात वयस्कर, सावकाश बोलणारे डॉक्टर होते. त्यांनी दादाला तपासलं, हाडांचे फोटो काढले, आणि मग मला एकट्याला आत बोलावलं. दादा बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला होता, पागोटं मांडीवर घेऊन. परगावच्या इतक्या माणसांत तो पहिल्यांदाच बसला असेल. आतून दाराच्या फटीतून मला त्याचे पाय दिसत होते. नवे जोडे घालून आला होता.

डॉक्टरांनी मला खुर्ची दिली. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सांगत होते. गाठ साधी नाही, म्हणाले, कर्करोग आहे आणि हाडांत उतरला आहे. पण आता एक नवीन उपाय निघाला आहे. पुरुषाच्या अंडांतून एक रस रक्तात उतरतो, त्याच रसावर ही गाठ पोसते. तो बंद केला की गाठ आक्रसते, वेदना थांबतात, माणूस काही वर्षं चांगला जगतो. अंडं कापून काढली तरी होतं, नाहीतर गोळ्या आहेत. बायकांच्या शरीरातल्या रसासारखं औषध. त्या गोळ्यांनी अंडं काम करायची थांबतात.

मी विचारलं, मग पुढे?

पुढे ती सुकतात, म्हणाले. हळूहळू मऊ पडतात, लहान होत जातात. बीज तयार करणारा आतला भाग मरगळतो. इच्छा जाते. छाती भरते, दुखते. अंगातून उष्णतेच्या लाटा निघतात. मी ऐकत होतो आणि दाराच्या फटीतून ते जोडे बघत होतो. शेवटी डॉक्टर म्हणाले — त्यांचे शब्द मला आजही तसेच्या तसे आठवतात — “हे सगळं त्याला समजावून सांगा. तुम्ही शिकलेले आहात, त्याच्या भाषेत सांगा. आपल्या अंगाला काय होतंय हे माणसाला ठाऊक पाहिजे. नाहीतर तो भलतंच समजून बसेल.”

मी म्हटलं, हो. सांगतो.

बाहेर आलो. दादानं पागोटं डोक्याला लावलं आणि उभा राहिला.

“काय सांगं डॉक्टरनी?”

“गाठ शे,” मी म्हटलं. “गोळ्या खावाले सांगं. बशी जाई.”

“कापाकापी नही ना?”

“नही.”

“कसान्या गोळ्या?”

आणि मी म्हटलं, “शक्तीन्या.”

दादा हसला. किती दिवसांनी हसला होता. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “मंग दे ना भो, आतेच दे!”

असं का केलं मी? परतीच्या गाडीत मी मनाशी उत्तर तयार ठेवलं होतं: खरं सांगितलं असतं तर त्यानं गोळ्या घेतल्या नसत्या, मेला असता. हे उत्तर मी वर्षानुवर्षं वापरलं. पण त्यानं घेतल्या नसत्या हे मला कसं कळलं? मी विचारलं कुठे? तो म्हणाला असता, मर्दानगी गेली खड्ड्यात, मला जगायचंय, जमनासोबत ओट्यावर बसायचंय. म्हणाला असताही. त्याचं त्याला ठरवू दिलं असतं तर.

खरं कारण दुसरं आहे. जन्मभर त्यानं माझं ठरवलं. शाळा, नोकरी, बायको, सगळं. आणि त्या व्हरांड्यात पहिल्यांदा त्याचं अंग — ते अंग! — माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं. त्याला काही ठाऊक नव्हतं, मला सगळं ठाऊक होतं. मला ते आवडलं. क्षणभर का होईना, आवडलं. अभिमानाच्या तळाशी हेच होतं. हे सांगताना अडखळतो आहे, पण आहे ते असं आहे.

गोळ्या लागू पडल्या. पाठीचं दुखणं गेलं, लघवी मोकळी झाली, दादा काठी टाकून शेतात जायला लागला. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी माझं नाव झालं. मास्तरनं भावाला मरणाच्या दारातून ओढून आणला. दादा स्वतःच सांगत सुटायचा. गोळ्या मी माझ्या घरी ठेवायचो. सकाळी शाळेत जायच्या आधी त्याच्या तळहातावर एक ठेवायची. तो मारुतीच्या दिशेला तोंड करून हात जोडायचा, मग गोळी गिळायचा. मी समोर उभा.

मग डॉक्टरांनी सांगितलं तसं एकेक व्हायला लागलं.

आधी घाम. कडाक्याच्या थंडीत लोक शेकोटीला बसलेले, आणि दादा बंडीच्या गुंड्या सोडून वारा घेतोय, तोंड लालभडक. मग उलटं. वैशाखात, जीव नको होईल अशा उन्हात, बंडी अंगावरून काढेना. वर आणखी उपरणं. नदीवर जायचा बंद झाला. लोकांनी थट्टा केली, मोतीराम मुंबईला जाऊन लाजायला शिकला म्हणून. तो हसायचा आणि वाट बदलून जायचा. मळ्यातल्या विहिरीवर एकटाच आंघोळ करायचा, कुणी येताना दिसलं की घाईनं अंग झाकायचा. ओट्यावर बसायचा, पण भाबीपासून हात-दीड हात अंतर ठेवून. बोलणं आटत गेलं. भाबी आधी काहीबाही सांगत राहायची, तो हूं हूं करायचा. पुढे तीही गप्प झाली. मी समोरच्या माझ्या घरातून हे बघत होतो. एवढ्या मोठ्या माणसाला मी शब्दानं विचारलं नाही, दादा, तुला काय होतंय? कशाला विचारू? मला ठाऊकच होतं.

कापूस वेचायचे दिवस होते. दुपारी बाया झाडाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. दादानं मला खुणेनं मळ्यातल्या झोपडीत बोलावलं आणि कवाड लावून घेतलं. बंडी काढली. त्याची छाती मुलीसारखी भरून आली होती. मग त्यानं धोतर सोडलं. मी मान वळवली, तर म्हणाला, “देख. देख ना, नाना.”

अंड सुकून गेलं होतं. रिकाम्या पिशवीत दोन शेंगदाणे राहावेत तसं.

“मी बाई व्हई ऱ्हायनू का रे?” तो म्हणाला.

त्याच्या तोंडून हे वाक्य ऐकलेला जगात मी एकटाच. मला तेव्हा सांगता आलं असतं. दादा, घाबरू नकोस, हे औषधानं होतंय, मला ठाऊक होतं, मी लपवलं. चार शब्द. कवाड लावलेलं होतं, तिसरं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात तोच बोलला, खाली बघत, धोतर आवळत —

“तुन्ही भाबीनी ती जडी दिन्ही व्हती... तेन्हामुये व्हयनं का हाई?”

मी म्हटलं, “व्हई.”

व्हई. म्हणजे असेल. ‘होय’ नाही, ‘नाही’ही नाही. असेल. आयता दरवाजा उघडून दिला त्यानं, आणि मी त्यातून निसटलो. मागे भाबी उभी आहे याचा विचार केला का? केला. हेच तर सांगायचं आहे. केला, आणि तरी निसटलो.

आज मला वाटतं, त्याला ‘नाही’ ऐकायचं होतं. त्यानं विचारलं ते तशाच आवाजात. मी मास्तर, शिकलेला; मी म्हटलं असतं, काहीतरीच काय दादा, जडीनं असं होत नाही, तर तो तेवढ्यावर उठून घरी गेला असता. मी ‘व्हई’ म्हटल्यावर तो खाली बसला. बराच वेळ मातीवर बोटानं रेघा ओढत होता. बाहेर बायांचं बोलणं चाललं होतं, कुणीतरी हसत होतं.

त्यानं भाबीला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. तिच्या हातचं खाणं सोडलं, एवढंच. आमच्याकडे जेवायला यायला लागला, पथ्य आहे म्हणून. भाबी माझ्या बायकोला विचारायला आली, असं काय पथ्य आहे की तुम्ही रांधता आणि मला जमत नाही? मला शिकवा, मी तसं करीन. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी वर्गाच्या वह्या तपासत होतो, तपासत राहिलो.

घर तेच, ओटा तोच. तो शेतात बसून राहायचा, ती उंबऱ्यात. तिची ताटं झाकलेली राहायची आणि सकाळी गुरांना जायची.

शेवटी एका दुपारी ती त्याच्या मागोमाग गोठ्यात गेली. मी कुडाच्या अलीकडे वैरण घेत होतो. तिनं काय विचारलं ते नीट ऐकू आलं नाही. दादाचं ऐकू आलं.

“काय खावाडं तू माले? माणूसमातून उठाडी दिन्हं.”

मला वाटलं ती आकांत करील, छाती पिटेल, देवाची शपथ घेईल. तसं केलं असतं तर कदाचित मीच आत धावलो असतो. असं मी म्हणतो. पण ती एवढंच म्हणाली, “मी तं तुमले बरं वाटाले दिन्ही व्हती.” आणि थोड्या वेळानं, अगदी बारीक आवाजात, “माले दखाडा.” मला दाखवा. दादानं दाखवलं असावं. नंतर फक्त बैलांच्या गळ्यातल्या घंटा.

तिनं भांडण केलं नाही, कारण तिला ते पटलं. तिनं डोळ्यांनी पाहिलं आणि मान्य केलं की हे आपल्या हातानं झालं. हे मला सगळ्यात जड जातं. ती मला खोटारडा म्हणाली असती तर मी तिच्याशी भांडलो असतो, जन्मभर तिचा राग केला असता, आणि सुखात राहिलो असतो.

ती म्हसावदला भावाकडे निघाली. दादा म्हणाला नव्हता जा म्हणून. तीच म्हणाली, माझ्याकडे बघून त्यांना त्रास होतो. गाडी मी जुंपली, पोचवायलाही मीच गेलो. दादा घराबाहेर आला नाही. शहादा मागे टाकलं, लोणखेड्याच्या शिवारात बैलांना पाणी पाजायला थांबलो. इथे सांगायचं असं मी रस्ताभर ठरवत आलो होतो. ती गाडीत बसून सातपुड्याकडे बघत होती. गाठोडं मांडीवर. मी बैलांना पाणी पाजलं, बादली आडव्या दांड्याला अडकवली, आणि गाडी हाकली. भाबीच्या डोळ्यांत मला माझं तोंड बघायचं नव्हतं.

त्यानंतर एकदा मी धुळ्याला एका डॉक्टरांना गाठलं. दुसऱ्या कुणाचं तरी विचारतो असं दाखवून विचारलं, अशा गोळ्या थांबवल्या तर सुकलेलं परत येतं का? माझा हिशेब असा की येत असेल तर काही दिवस बंद ठेवू, सगळं आपोआप जागेवर येईल, भाबीला परत आणू, कुणाला काही सांगायची गरजच नाही. डॉक्टर म्हणाले, थोड्याच दिवसांत थांबवल्या तर काही अंशी येत असेल, पण फार काळ गेला की आतला मगज जातो, नुसते ताठर धागे उरतात. आणि गोळ्या बंद केल्या की रोग उठणार. मी आभार मानून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या हातावर गोळी ठेवली. आता तो मारुतीकडे बघून हात जोडत नव्हता. नुसती गिळायचा.

दोनेक वर्षं गेली. मधल्या काळात स्वराज्य आलं, शाळेवर झेंडा लावला, मी भाषण केलं. दादा ओट्यावर बसून होता. संध्याकाळी भाबीची जागा मोकळी ठेवून बसायचा. सवयीनं असेल, की मुद्दाम, मी विचारलं नाही. दाढीचे केस विरळ झाले होते, अंग थुलथुलीत. लेकी माहेरपणाला आल्या की आईबद्दल विचारायच्या. तो उठून गोठ्यात जायचा. लेकी माझ्याकडे बघायच्या. काकाला माहीत असेल.

मग पाठीचं दुखणं परत आलं. गोळ्यांचा गुण संपला. शेवटी शेवटी कूस बदलतानाही तो दात आवळायचा. एका सकाळी बायको चूल पेटवत होती, मी त्याच्याजवळ बसलो होतो. त्यानं माझं मनगट धरलं. हाडं तेवढी राहिली होती हाताची.

“जमनाले निरोप दे,” तो म्हणाला. “तिले सांग, मन्हा मनमा आते काही नही. मी माफ करी टाकं.”

आता बघा, माझं कुठलं कारण उरलं होतं? गोळ्या सोडील ही भीती नव्हती. गोळ्या संपल्या होत्या. मरेल ही भीती नव्हती; तो मरतच होता. म्हसावदला माणूस पाठवला असता तर भाबी येऊन पोचलीही असती. त्यानं तिचा हात धरून डोळे मिटले असते. मला फक्त बोलायचं होतं. आणि तो माझ्याकडे बघत होता — लहानपणी मी पहिल्यांदा धडा वाचून दाखवला तेव्हा बघितलं होतं तसं, भरून पावल्यासारखं. नाना आपलं करतो आहे. नाना होता म्हणून.

मी म्हटलं, “सांगस, दादा.”

निरोप सांगीन, असा त्याचा अर्थ. तो गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर मी म्हसावदला गेलो. भाबीनं दुरूनच ओळखलं. मागच्या अंगणात गोधडी शिवत बसली होती. कपाळ मोकळं; तो गेल्याची खबर तिला पोचली होती, पण ती आली नव्हती. मी उन्हातून आलेलो, घसा कोरडा. तिनं मला बसायला घोंगडी टाकली आणि घरात हाका मारल्या. भावजय शेतात गेली होती, घरात कुणी नव्हतं. भाबी तशीच उभी राहिली. मग रांजणाकडे बोट दाखवून म्हणाली, “तुमीच ल्या, भाऊ. मी आते कोन्ले मन्हा हातनं देस नही.”

मी माझ्या हातानं पाणी घेतलं.

मग निरोप सांगितला. जसाच्या तसा. त्याच्या मनात काही नाही, त्यानं माफ केलं. भाबीनं सुई गोधडीत टोचून ठेवली, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. “माफ करं ना त्यासनी?” तिनं पुन्हा विचारलं, खात्री करून घ्यावी तसं. “करं,” मी म्हटलं. तिच्या तोंडावर जे आलं त्याला समाधान म्हणावं लागेल. दुसरा शब्द मला मिळालेला नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, “भाऊ, तुमी शिकेल शेतस. माले एक सांगा. ती जडीमुयेच व्हयनं ना?”

ती माझ्याकडे बघत होती. अंगणात कोंबड्या होत्या. मी म्हटलं, “आते जाऊ द्या, भाबी.”

ती पुढे पुष्कळ वर्षं जगली. मी अधूनमधून जायचो, साडी न्यायचो, मुलींची खुशाली सांगायचो. भावाच्या घरी ती झाडलोट करायची, शेण काढायची, गोधड्या शिवायची. चुलीपाशी गेली नाही. नातवंडं झाली, त्यांना मांडीवर घ्यायची, पण घास भरवायची वेळ आली की लेकीच्या हातात द्यायची. लेकींना वाटायचं, वैधव्याचं काही व्रत घेतलं असेल आईनं. तिनं कारण सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. ती गेली तेव्हा मी खांदा द्यायला होतो, आणि म्हसावदची माणसं म्हणाली, दीर असावा तर असा.

दादानं तिला माफ केलं होतं. तिनं काही केलं नव्हतं. जे केलं ते मी, आणि तो निरोपही मीच नेला.